फरशीची निगा : धुण्यापुसण्यापासून मेणापर्यंत

घरातली फरशी कशी पुसावी, कशाने घासावी आणि तिला मेण लावावे की नाही, हे ती कशाची बनली आहे यावर ठरते. चुनखडकाची लादी, सिमेंटचा कोबा, मोझॅक, ग्रॅनाइट आणि भट्टीत भाजलेली टाइल दिसायला सारख्याच गुळगुळीत असल्या तरी त्यांचे रासायनिक घटक, कठीणपणा आणि पाणी शोषण्याची क्षमता यांत मोठे अंतर असते. एका फरशीला चकाकी आणणारा द्रव दुसरीची चकाकी कायमची घालवतो. घरांतल्या फरशा मळाने क्वचितच बिघडतात. चुकीच्या आणि गरजेपेक्षा तीव्र साफसफाईने त्या अधिक बिघडतात. म्हणून निगेची पहिली पायरी म्हणजे फरशीची ओळख.

फरशीचे प्रकार

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत सर्वाधिक आढळते ती शहाबादी फरशी. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या खोऱ्यात, हा करडा चुनखडक आडव्या थरांत सापडतो. तो थराथराने सुटत असल्याने त्याच्या सपाट लाद्या काढणे सोपे जाते. शहाबाद हे मुंबई-सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे स्थानक असल्याने हा दगड सोलापूर, पुणे आणि मुंबईकडे आणणेही सोयीचे झाले. तेलंगणातली तांदूरची लादी, आंध्र प्रदेशातला काळा कडप्पा आणि राजस्थानातला हिरवट-निळसर कोटा हेही चुनखडकच आहेत. संगमरवर म्हणजे भूगर्भातल्या उष्णतेने व दाबाने रूप पालटलेला चुनखडक. या सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट हाच असतो.

दुसरा गट सिमेंटचा. साधा किंवा लाल, हिरवा, काळा रंग मिसळून गुळगुळीत केलेला कोबा कोकण-गोव्यातल्या घरांत आजही टिकून आहे. लाल कोब्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. नक्षीच्या सिमेंट टाइल्स साच्यात रंगीत सिमेंट ओतून, यंत्राने दाबून आणि पाण्यात मुरवून तयार होतात. त्यांना भट्टी लागत नाही. परदेशी टाइल्सना स्वदेशी पर्याय उभा करण्यासाठी मुंबईत १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्सने या टाइल्स शहरांतल्या इमारतींपर्यंत पोहोचवल्या. त्यानंतर अनेक दशके गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये मोझॅकचे राज्य होते. मोझॅकच्या टाइलमध्ये संगमरवराची खडी सिमेंटमध्ये बसवलेली असते, आणि टाइल बसवून झाल्यावर ती यंत्राने घासून तिला पॉलिश केले जाते. म्हणजे मोझॅकचे दोन्ही घटक, सिमेंट आणि संगमरवर, आम्लाला सारखेच हळवे असतात.

तिसरा गट भाजलेल्या मातीचा. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात दिसणाऱ्या इंग्लंडच्या मिंटन टाइल्स या गटातल्या. आजच्या सिरॅमिक आणि विट्रिफाइड टाइल्सही याच गटातल्या; त्यांच्या उत्पादनाचे भारतातले सर्वांत मोठे केंद्र गुजरातमधले मोरबी आहे. विट्रिफाइड टाइल सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. तिच्यातली माती काचेसारखी घट्ट होते आणि ती आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. ग्रॅनाइट हा नैसर्गिक दगड असला तरी तो क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या कठीण खनिजांचा असल्याने निगेच्या दृष्टीने तो या तिसऱ्या गटाला जवळचा आहे.

ओळखण्याच्या दोन कसोट्या

पहिली कसोटी पाण्याची. कोरड्या फरशीवर चमचाभर पाणी ठेवून दहा मिनिटांनी पुसावे. खाली काळसर ओली खूण राहिली तर फरशी सच्छिद्र आहे आणि तिच्यावर मेण किंवा दुसरा संरक्षक लेप धरेल. खूण राहिली नाही तर फरशी मुळातच बंद पृष्ठभागाची आहे किंवा तिच्यावर जुना लेप आहे.

दुसरी कसोटी लिंबाची. कपाटाखालच्या, नजरेआडच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले, किंवा पुसल्यावर तेवढी जागा निस्तेज दिसली, तर फरशी चुनखडकाची, संगमरवराची किंवा सिमेंटची आहे. ही खूण कायमची राहते, म्हणून जागा विचारपूर्वक निवडावी. ग्रॅनाइट आणि विट्रिफाइडवर लिंबाचा परिणाम दिसत नाही.

केर काढणे

खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी फ्रिडरिश मोस यांनी १८१२ मध्ये एक ते दहा अशी पट्टी सुचवली. तिच्यावर संगमरवर आणि शहाबादीतले कॅल्साइट तिसऱ्या क्रमांकावर, तर वाळूतले क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर येते. चपलांबरोबर घरात आलेला वाळूचा प्रत्येक कण पायाखाली दबून दगडावर ओरखडा काढतो. असे असंख्य सूक्ष्म ओरखडे साचले की येण्याजाण्याच्या वाटेवरची फरशी निस्तेज होते आणि पलंगाखालची चमकत राहते. म्हणून पुसण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व केर काढण्याला आहे. दाराबाहेर खरखरीत आणि दाराच्या आत मऊ अशी दोन पायपुसणी ठेवली की बरीचशी वाळू उंबऱ्यावरच थांबते. गुळगुळीत फरशीला मऊ फुलझाडू योग्य. खराटा अंगणापुरताच ठेवावा. रांगोळीची भुकटीही दगडाचीच असते. ती पायाने किंवा ओल्या फडक्याने फरकटू न देता आधी कोरडी उचलून घ्यावी.

पुसणे

रोजच्या पुसण्याला स्वच्छ पाणी पुरते. आठवड्यातून एकदोनदा बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण मिसळावा. साबण जास्त झाला की तो निघत नाही; त्याचा पातळ थर उरतो, त्या थरावर धूळ चिकटते आणि फरशी दुसऱ्याच दिवशी मळकी दिसते. बोअरवेलच्या क्षारयुक्त जड पाण्यात साबणाची कॅल्शियमशी प्रक्रिया होऊन न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो, म्हणून तेथे साबण आणखी कमी वापरावा. साबणाने पुसल्यावर साध्या पाण्याचा हात फिरवणे आवश्यक आहे.

दोन बादल्या ठेवणे ही सगळ्यांत फायद्याची सवय आहे. एका बादलीत स्वच्छ पाणी, दुसरीत पोतेरे पिळायचे. एकाच बादलीत काम केले की दुसऱ्या खोलीपासून मळच मळावर फिरवला जातो. पोतेरे घट्ट पिळलेले असावे, कारण सच्छिद्र फरशीला मुरलेले पाणी सोसत नाही. दूरच्या भिंतीपासून दाराकडे मागे सरकत पुसावे आणि शेवटी कोरडे फडके फिरवावे. पाण्याचे थेंब जागीच सुकले की त्यांतले क्षार पांढरे ठिपके सोडतात. उकिडवे बसून रोज घरे पुसणाऱ्या बायकांचे गुडघे आणि कंबर या कामात झिजतात. लांब दांड्याचा, पिळता येणारा मॉप तेवढेच काम चांगले करतो. तो घरात असणे ही काम करणाऱ्या व्यक्तीविषयीची साधी जबाबदारी आहे.

कोणते रसायन कोठे

संडास साफ करण्याच्या द्रवांत आणि दुकानात नुसते ‘अ‍ॅसिड’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते कॅल्शियम कार्बोनेटवर पडताच कर्बवायूचे बुडबुडे येतात आणि दगडाचा वरचा थर विरघळतो. पॉलिश म्हणजे अत्यंत सपाट केलेला पृष्ठभाग. आम्लाने त्यावर सूक्ष्म खळगे पडले की प्रकाश सरळ परावर्तित होण्याऐवजी विखुरतो आणि फरशी पांढुरकी दिसते. हा पांढुरकेपणा मळ समजून पुन्हा आम्ल टाकले जाते आणि नुकसान वाढते. व्हिनेगर, लिंबू, चिंच आणि कोकमाचे आगळ यांचाही परिणाम कमी प्रमाणात असाच होतो. संगमरवरावर सांडलेले सोलकढीचे थेंबही लगेच पुसावे लागतात ते यामुळेच. पहिल्या दोन गटांतल्या फरशांवर आम्ल कधीही वापरू नये.

विट्रिफाइड आणि सिरॅमिक टाइलवर साचलेले पाण्याचे क्षार व्हिनेगरने निघतात, पण टाइलमधल्या सांध्यांत सिमेंट असते. तेथे व्हिनेगर थोडा वेळच ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेले गंज काढण्याचे द्रव ग्रॅनाइटलाही खातात आणि त्वचेला अतिशय घातक असतात. घरात त्यांना जागा नाही.

फिनेल जंतुनाशक आहे, मळ काढण्याचे काम त्याचे नव्हे. काळे फिनेल डांबरी तेलापासून बनते आणि हलक्या रंगाच्या दगडावर पिवळट झाक सोडू शकते. पांढऱ्या फिनेलचा तेलकट थर चकचकीत टाइलवर पावलांच्या खुणा उमटवतो. आजारपण, लहान मूल किंवा पाळीव प्राणी घरात असताना ते मोजून वापरावे.

एक नियम मात्र जिवाशी संबंधित आहे. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया यांचे मिश्रणही विषारी वायू देते. बाथरूमसारख्या बंद जागेत हा धोका कितीतरी वाढतो. घरकामाला येणाऱ्या व्यक्तीला बाटल्या ओळखता येतील अशा ठेवणे आणि हा नियम स्पष्ट सांगणे घरमालकाचे कर्तव्य आहे.

डाग

तेलाचा डाग सच्छिद्र दगडात उतरतो, त्यामुळे तो वरून घासून जात नाही. तो बाहेर ओढून घ्यावा लागतो. मुलतानी माती किंवा खडूची भुकटी साबणाच्या पाण्यात दाट कालवून डागावर बोटभर जाडीचा लेप द्यावा, वर प्लास्टिक पसरावे आणि दुसऱ्या दिवशी ते काढून लेप पूर्ण सुकू द्यावा. सुकताना लेप तेल शोषून घेतो. जुन्या डागाला दोनतीन वेळा लेप लागतो.

हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, कारण हळदीतले कुर्क्युमिन अल्कलीत रंग बदलते. घाबरून जोरात घासण्याचे कारण नाही. साध्या पाण्याने धुतल्यावर ती लाली उतरते. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो. ऊन पोहोचत नसेल तेथे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप हलक्या रंगाच्या दगडावर चालतो.

गॅस सिलिंडरच्या कड्याचा गंज स्वयंपाकघरातल्या दगडावर गोल खूण सोडतो. गंज काढणारी बहुतेक रसायने आम्लीय असल्याने संगमरवर व शहाबादीवर ती डागाबरोबर दगडही खातात. तेथे सिलिंडर चाकांच्या ट्रॉलीवर ठेवून डाग टाळणे हाच खरा उपाय आहे. मेणबत्तीचे मेण बर्फाने कडक करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे.

तळमजल्यावरच्या फरशीतून पांढरी भुकटी फुटते तिला लोणा म्हणतात. जमिनीतला ओलावा वर येताना क्षार आणतो आणि पाणी उडून गेले की क्षार मागे राहतो. तो कोरड्या ब्रशने झाडावा. धुतल्याने तो विरघळून पुन्हा आत जातो. ओल थांबल्याखेरीज लोणा थांबत नाही.

सांधे

टाइलमधले सांधे टाइलपेक्षा अधिक सच्छिद्र आणि किंचित खोल असल्याने मळ तेथेच साचतो. खाण्याच्या सोड्याची पाण्यात केलेली पेस्ट सांध्यांवर लावून नायलॉनच्या अरुंद ब्रशने घासावी आणि पुसून घ्यावी. तारेचा ब्रश सांधे उकरतो. पांढऱ्या सिमेंटचे सांधे झिजले असतील तर ते उकरून नव्याने भरणे रोजच्या घासण्यापेक्षा सोपे पडते. स्वयंपाकघरात इपॉक्सीने भरलेले सांधे तेल आणि पाणी शोषत नाहीत.

मेण कशासाठी आणि कोणाला

मेण सच्छिद्र पृष्ठभागाची सूक्ष्म छिद्रे भरते, वर पातळ सपाट थर देते आणि त्यामुळे चकाकी येते. डाग आत उतरायला वेळ लागतो, तेवढ्यात तो पुसता येतो. मेणाचे काम एवढेच आहे. ते पाणी कायमचे अडवत नाही आणि ओरखडे थांबवत नाही.

फरशीच्या पॉलिशमध्ये तीन मेणे प्रामुख्याने येतात. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि मऊसर असते. खनिज तेलापासून मिळणारे पॅराफिन स्वस्त असते. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण ८० अंशांच्या पुढे वितळते आणि सर्वांत कठीण चकाकी देते. ही मेणे टर्पेंटाइनसारख्या द्रावकात मिसळून डबीतले पॉलिश तयार होते. लाल कोब्यासाठी मिळणाऱ्या पॉलिशमध्ये रंगही असतो. ते पांढऱ्या मोझॅकवर लावले तर छिद्रांत लाल रंग बसतो आणि निघत नाही.

कोबा, सिमेंट टाइल्स, मोझॅक आणि शहाबादी या फरशांना मेण उपयोगी पडते. संगमरवराला फिकट, पिवळी न पडणारी मेणे अगदी पातळ लावता येतात. विट्रिफाइड, चकाकी दिलेली सिरॅमिक टाइल आणि पॉलिश केलेले ग्रॅनाइट यांना मेणाची गरज नाही. शिरायला जागा नसल्याने ते वर तरंगत राहते, पायाने ओढले जाते, धूळ धरते आणि पाय घसरवते. कडप्प्याच्या ओट्याला खोबरेल तेल लावून काळेपणा आणण्याची रीत घरोघर आहे. त्याने रंग खुलतो, पण तेल सुकत नसल्याने काही दिवसांत त्यावर पीठ आणि धूळ चिकटते.

पाश्चात्त्य पुस्तकांतला मेणाचा आग्रह वेगळ्या जमिनींमधून आला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावी सॅम्युअल कर्टिस जॉन्सन यांनी १८८६ मध्ये नक्षीदार लाकडी जमिनींचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाईक निगेविषयी विचारू लागले तेव्हा ते मेणही विकू लागले, आणि पुढे मेणानेच तो व्यवसाय मोठा केला. लाकूड, लिनोलियम आणि व्हिनाइलसाठी दिलेला तो सल्ला भाजलेल्या टाइलला जसाच्या तसा लागू होत नाही. आज बाटलीत मिळणारी बरीच ‘फ्लोअर पॉलिश’ मेणाची नसून पाण्यात मिसळलेल्या अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकची असतात. त्यांचे थर वाढत जातात आणि ते काढायला अमोनियायुक्त द्रव लागतो.

मेण लावण्याची रीत

काम कोरड्या हवेत करावे. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेतली वाफ गार फरशीवर पाणी होऊन साचते. अशा फरशीवर लावलेले मेण ओल आत कोंडते आणि पांढुरके पडते. लोणा फुटणाऱ्या फरशीला मेण लावूच नये.

प्रथम जुने मेण काढावे. नखाने खरवडल्यावर मऊ, मळकट पापुद्रा निघाला तर जुना थर आहे असे समजावे. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने हातभर जागा चोळावी आणि विरघळलेले मेण लगेच कोरड्या फडक्याने उचलावे. खिडक्या उघड्या, शेगडी व देवापुढचा दिवा बंद आणि हातात मोजे असावेत, कारण टर्पेंटाइनची वाफ पेट घेते आणि डोळ्यांना झोंबते. मग सौम्य साबणाने धुऊन, साध्या पाण्याने दोनदा पुसून फरशी किमान एक दिवस सुकू द्यावी.

घरी पॉलिश करायचे असेल तर एक भाग मधमाश्यांचे मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या वाटीत वितळवावे. वाटी विस्तवापासून दूर नेऊन मगच त्यात तीन-चार भाग टर्पेंटाइन ढवळावे. मेण थेट आचेवर तापवू नये. मिश्रण गार झाल्यावर लोण्यासारखे होते.

नजरेआडच्या कोपऱ्यात आधी लावून पाहावे, कारण मेणाने दगड किंचित गडद होतो. पसंत पडल्यावर सुती फडक्याच्या पुरचुंडीत थोडे मेण घेऊन दूरच्या भिंतीपासून दाराकडे गोलाकार चोळत यावे. थर शक्य तितका पातळ असावा. जाड थर वाळत नाही, चिकट राहतो, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तेच असते. अर्ध्या तासात मेण धुरकट दिसू लागले की लोकरी कापडाने किंवा घोंगडीच्या तुकड्याने जोर देऊन घासावे. चकाकी या घासण्यातून येते. नुसत्या लावण्यातून नाही. मोझॅकच्या बांधकामातही शेवटचा हात ‘नमदा’ म्हणजे लोकरीच्या जाड पॅडनेच दिला जातो. काही तासांनी दुसरा पातळ थर द्यावा. रात्रभर फरशीवर पाणी पडू देऊ नये.

जिने, बाथरूम, मोरी, स्वयंपाकघरातला ओट्यासमोरचा भाग आणि सतरंजीखालची जागा यांना मेण लावू नये. ओल्या मेणावर पाय हमखास सरकतो, आणि वयस्कर माणसाचे घरातले एक पडणे पुढची कित्येक वर्षे बदलून टाकते. घरात वृद्ध असतील तर चकाकीपेक्षा पकड महत्त्वाची.

मेणानंतर आणि मेणाऐवजी

मेण लावलेली फरशी कोरड्या मऊ झाडूने झाडावी आणि नुसत्या ओलसर फडक्याने पुसावी. गरम पाणी, सोडा आणि फिनेल मेण उतरवतात. चकाकी मंदावली की प्रथम लोकरी कापडाने घासून पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्याने ती परत येते. नवा थर फक्त झिजलेल्या वाटेवर द्यावा, कोपऱ्यांत नाही. जेथे पाय पडत नाहीत तेथेच मेण साचून पिवळे होते.

ज्यांना मेणाची उठाठेव नको त्यांच्यासाठी दगडात मुरणारे सिलेन-सिलोक्सेन वर्गातले सीलर आहेत. ते छिद्रांच्या भिंतींना पाणी नावडेल असे करतात, वर थर देत नाहीत, त्यामुळे घसरण वाढत नाही आणि चकाकीही येत नाही. संगमरवरावर कारागीर फ्लुओसिलिकेटयुक्त द्रव आणि स्टील वुल यांनी यंत्राखाली घासून पृष्ठभाग अधिक कठीण करतात.

आम्लाने खाल्लेल्या किंवा खोल ओरखडे पडलेल्या फरशीवर मेण हा उपाय नाही. तिला यंत्राने पुन्हा घासावे लागते. मोझॅकसाठी परंपरागत पद्धतीत कार्बोरंडमचे दगड जाडाकडून बारीकाकडे वापरले जातात आणि शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची भुकटी, चौरस मीटरला साधारण ३३ ग्रॅम, शिंपडून नमद्याने घासली जाते. या आम्लाचा दगडाशी संयोग होऊन तयार होणारे कॅल्शियम ऑक्झॅलेट जवळजवळ विरघळत नाही, म्हणून मोजक्या प्रमाणात ते चालते. मात्र ते विषारी आहे आणि हे काम कारागिराचेच आहे. आता शहरांत त्याऐवजी हिऱ्याच्या पॅडांचे ‘डायमंड पॉलिश’ रूढ झाले आहे.

मोझॅकचा वरचा थर काही मिलिमीटर जाड असतो आणि प्रत्येक घासणीत त्यातला फारच थोडा भाग जातो. तीच गोष्ट शहाबादी आणि कोट्याची. निस्तेज दिसते म्हणून अशी फरशी उखडून तिच्या जागी विट्रिफाइड बसवण्यापूर्वी तिच्या एका कोपऱ्याला पॉलिश करून पाहावे. भक्कम बसलेली, न हलणारी, न तडकलेली जुनी फरशी पुन्हा घासून, पातळ मेण देऊन आणि आम्लापासून दूर ठेवून आणखी कित्येक वर्षे वापरता येते.